लिस्बेटच्या नावाखालची पानं

मंगळवार हा प्रोजेक्टच्या गटाचा केकचा वार. पहिल्याच बैठकीत चौघांनी ठरवून टाकलं होतं की जो उशिरा येईल त्याने पुढच्या मंगळवारी केक आणायचा. उशिरा नेहमी आस्गर यायचा आणि केक नेहमी लिस्बेट आणायची. याला कोणाची हरकत नव्हती, लिस्बेटची तर नव्हतीच. अंडी फेटताना, लोणी वितळवताना तिच्या छातीतली धडधड कमी व्हायची. कॉम्प्युटरसमोर बसलं की ती पुन्हा सुरू. म्हणून प्रोजेक्टचं प्रकरण लिहायला राखून ठेवलेल्या सोमवारच्या संध्याकाळी ती नारळाचा कीस, तपकिरी साखर आणि लोणी एकत्र शिजवून गरम केकवर पसरत बसे. नवरा कार्स्टन दारात उभा राहून विचारी, "आज किती पानं झाली?" आणि केकचे तुकडे मोजायला लागे.

लिस्बेट त्रेचाळीस वर्षांची होती. खाडीतल्या मोर्स बेटावर जन्मली, तिथेच नववीनंतर शाळा सोडली, तिथेच दुधाचा टँकर चालवणाऱ्या कार्स्टनशी लग्न केलं. पुढे बरीच वर्षं ती नगरपालिकेच्या नोकरीत घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची उठबस करत होती. सकाळी पायमोजे चढवायचे, गोळ्या द्यायच्या, ओटची लापशी गरम करायची आणि सायकलवर टांग मारून पुढच्या घरी. एका सकाळी अंघोळीच्या खुर्चीवरून घसरणाऱ्या एका धिप्पाड गृहस्थाला तिने सावरलं. तो वाचला, तिची कंबर गेली. मग सुरू झाल्या रोजगार कचेरीच्या फेऱ्या. तिथली माणसं चांगली होती, पण टिकत नसत. दोन-तीन महिने झाले की टेबलामागे नवा चेहरा. तो हसून सांगे की मला सगळं पहिल्यापासून ऐकायचंय, आणि लिस्बेट पहिल्यापासून सांगे. एके दिवशी सांगता सांगता ती मध्येच थांबली. तिच्या मनात आलं, मी टेबलाच्या त्या बाजूला बसले तर? मी एकदा ऐकलं की लक्षात ठेवीन. परत कोणाला सांगायला लावणार नाही.

एवढ्या एका विचारावर, शाळेचे राहिलेले विषय पुरे करून, ती चाळिशीत सोशल वर्करच्या कॉलेजात जाऊन बसली. बेटावरून पुलापार बस पकडायची, मग दुसरी बस, मग कॉलेज. बेटावरच्या बायकांनी तिचं कौतुकही केलं नाही आणि थट्टाही केली नाही. आमच्याकडे कोणी जरा मान वर काढली की लोक हवेबद्दल बोलायला लागतात, तसं त्या हवेबद्दल बोलल्या.

वर्गात बसायला तिला आवडे. ऐकलेलं समजेही. संध्याकाळी बटाटे सोलता सोलता ती कार्स्टनला अख्खं व्याख्यान सांगे आणि कार्स्टन म्हणे, वाईट नाही. देशाच्या पश्चिमेकडच्या माणसाकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही. पण तेच लिहायला बसलं की तिचे हात जड होत. दर आठवड्याला एक असाइनमेंट, कधी दोन. वाक्य लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. बाकीच्या मुलांची बोटं भराभर चालत, ती एका परिच्छेदावर दुपार घालवे. पहिली दोन वर्षं ती जेमतेम का होईना, पार पडली. सहाव्या सत्राच्या प्रोजेक्टपाशी मात्र अडली.

पहिल्या खेपेला तिचा गट मध्येच फुटला, तिने उरलेलं एकटीने लिहिलं आणि नापास झाली. दुसऱ्या खेपेला लिहून झालं होतं, फाईल समोर उघडी होती, फक्त पाठवायची होती. ती पाठवली गेली नाही. का, ते तिला कधीच नीट सांगता आलं नाही. ती नुसती पाहत बसली आणि वेळ टळून गेली. न पाठवलेलं काम हाही एक प्रयत्न धरतात. आता उरली होती तिसरी खेप, आणि तिसरीनंतर पटावरून नाव कमी होतं. नाव कमी झालं की पुन्हा टेबलाच्या अलीकडची खुर्ची.

गट ठरवायच्या दिवशी सगळ्यांना मोठ्या दालनात सोडतात. शिक्षक कॉफी घेऊन बाहेर जातात आणि मुलांनी आपापसांत जुळवून घ्यायचं असतं. कोणी कोणाला नको म्हणत नाही. फक्त सावकाश पाठी वळतात आणि घोळके बंद होतात. लिस्बेट कॉफीच्या यंत्राजवळ उभी राहिली, कारण तिथे उभं राहायला निमित्त होतं. बऱ्याच वेळाने थेआ नावाची लांब वेणीची मुलगी तिच्याकडे आली आणि म्हणाली की आम्ही घरमदतीवर प्रोजेक्ट करतोय आणि तू तर ते काम प्रत्यक्ष केलं आहेस. थेआच्या मागे कमिला होती, लाजरी, सतत स्वेटरच्या बाह्या हातावर ओढणारी. आणि आस्गर, ज्याला कोणी कधी वेळेवर आलेलं पाहिलं नव्हतं. लिस्बेटने मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि मोठ्याने फक्त बरं म्हणाली.

गट खरोखर चांगला होता. भांडण नाही, रुसवा नाही. टेबलावर मेणबत्ती, केक, कॉफी. थेआ तिला चिडवी, "लिस्बेट, तू पास झालीस की आमचं काय गं? उपाशी मरू." आस्गर म्हणे, "म्हणून तर तिला पास होऊ द्यायचं नाही." सगळे हसत, लिस्बेट सगळ्यांत जास्त. निघताना प्रत्येक जण प्रत्येकाला मिठी मारून म्हणे, स्वतःला जप. आमच्याकडे निरोपाचे ते शब्दच आहेत, पण त्या वसंतात लिस्बेटला ते इतक्यांनी इतक्यांदा म्हटलं की तिला ते औषधाच्या चिठ्ठीसारखे वाटू लागले.

जपण्याची पाळी आलीच होती. तिला झोप लागत नव्हती. बसमध्ये एकदा तिचा डावा हात बधिर झाला. डॉक्टरने हृदय तपासलं, ते ठणठणीत निघालं, मग त्याने तिला कॉलेजच्या समुपदेशकाकडे जायला सांगितलं. समुपदेशक म्हणजे एक तरुण मुलगी होती. तिने लिस्बेटच्या हातात एक गुळगुळीत दगड ठेवला आणि त्याचा गारवा जाणवेपर्यंत श्वास घ्यायला लावला. मग तिने तीन गोष्टी सांगितल्या. झोपायचं. रोज पाण्याच्या काठाने चालायचं. आणि एकदा एखादं काम हातावेगळं झालं की ते पुन्हा उघडून उकरत बसायचं नाही. तुझा ताण तिथेच वाढतो. जन्मभर दुसऱ्यांना गोळ्या वेळेवर घ्यायला लावणाऱ्या लिस्बेटने हे तिन्ही सल्ले गोळ्यांसारखेच घ्यायचं ठरवलं. एकही चुकवायची नाही.

तिच्या वाट्याला आलेलं प्रकरण होतं, मदत नाकारणाऱ्या वृद्धांबद्दलचं. तिने एनोकबद्दल लिहिलं. एनोक पूर्वी खाडीवर माणसं आणि गाड्या पार करणारी होडी चालवायचा. बायको गेल्यावर रोज सकाळी लिस्बेट दारात आली की तो म्हणे, माझी न्याहारी झाली आहे. लापशी करायची नसल्याने तेवढा वेळ ती त्याच्याजवळ बसे आणि तो खाडी गोठून गेली त्या वर्षीच्या गोष्टी सांगे. हिवाळाभर हे चाललं. मग एकदा पायमोजे चढवताना तिला त्याच्या पोटऱ्या दिसल्या, काठीसारख्या. तो महिनोन् महिने सकाळचं काही खात नव्हता. लापशीचा वेळ त्याने गप्पांसाठी वाचवला होता. हे सगळं तिने लिहून काढलं. भेटीची वेळ वरून कमी केली गेली तेव्हा एनोक काय म्हणाला, ते लिहिलं. तो कुठल्या खुर्चीत बसे, तेही लिहिलं. पण त्यातून काय सिद्ध होतं, कुठला सिद्धांत लागू पडतो, इथे आलं की तिचं वाक्य वाकडं होई. मग ती परत एनोककडे वळे.

मंगळवारी तिघांनी ते वाचलं. आमच्याकडे एकमेकांचं लिखाण वाचलं की आधी चांगल्या तीन गोष्टी सांगायची पद्धत आहे. थेआ म्हणाली की खूप जिवंत आहे. कमिला म्हणाली की एनोक डोळ्यांसमोर उभा राहतो. आस्गरने तिसरी गोष्ट शोधायला जरा वेळ घेतला आणि मग म्हणाला की लांबी भरपूर आहे. सगळे हसले. नंतर वाईट गोष्टींची पाळी यायची, पण कमिलाची बस होती, खोली दुसऱ्या गटाला हवी होती, केकचा डबा धुवायचा होता. निघता निघता थेआ म्हणाली की भाषा थोडी नीट करून घेऊ, चारही प्रकरणं एका सुरात आली पाहिजेत. लिस्बेट म्हणाली की करा, अवश्य करा. तिला वाटलं स्वल्पविराम वगैरे.

प्रोजेक्ट पाठवायच्या आधीच्या शुक्रवारी ती कॉलेजात आली तेव्हा तिचा चेहरा पाहून थेआने लॅपटॉप बंद केला. ती म्हणाली, "घरी जा. हा शनिवार-रविवार तू आमच्यासाठी एकच काम करायचंस, झोप काढायची. मांडणी, संदर्भ, सगळं आम्ही बघतो." लिस्बेटने जरा आढेवेढे घेतले. कमिलाने तिचं जाकीट आणून तिच्या खांद्यावर घातलं. इतकी माया तिला परक्यांकडून कधी मिळाली नव्हती. बसमध्ये तिला रडू आलं आणि रडता रडताच ती झोपली.

ते दोन दिवस तिच्या त्या वर्षातले सगळ्यांत चांगले दिवस होते. ती झोपली. कार्स्टनबरोबर खाडीच्या काठाने चालली. शिंपल्यांच्या होड्या परत येत होत्या, वाऱ्याला धार नव्हती. कार्स्टन म्हणाला की तुझ्या गालांना परत रंग आला बघ. सोमवारी दुपारी फोनवर प्रोजेक्ट गेल्याचा निरोप आला, सोबत पूर्ण फाईल. तिने ती उघडली. अनुक्रमणिकेत तिचं नाव होतं, त्याच्यापुढे पान क्रमांक. छातीत धडधड सुरू झाली. तिला समुपदेशकाची तिसरी गोळी आठवली. तिने फाईल मिटली आणि केटली चढवली.

तोंडी परीक्षेच्या आधी चौघं दोनदा भेटले. प्रत्येकाने आपापला भाग थोडक्यात सांगायचा होता. लिस्बेटची पाळी आली की थेआ म्हणे की तू एनोकबद्दलच सांग, तुझ्यासारखं दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. आस्गर काहीतरी बोलायला तोंड उघडी आणि मग केक खाई. लिस्बेटला त्यात काही विशेष वाटलं नाही. आस्गर नेहमीच खात असे.

परीक्षेच्या दिवशी जून महिन्याचं लख्ख ऊन होतं. कॉलेजच्या लांब व्हरांड्यात ठिकठिकाणी घरची माणसं टेबलं मांडून बसली होती. आमच्याकडे कुठल्याही आनंदाला लागणारे कागदी झेंडे, प्लास्टिकचे पेले, बाटल्या. थेआचे आईवडील, तिचा आजा, तिचा धाकटा भाऊ, सगळे आले होते. लिस्बेटने कार्स्टनला येऊ दिलं नव्हतं. तिला निकाल आधी स्वतः ऐकायचा होता.

आत दोघं परीक्षक होते. प्रेबेन हा त्यांचाच मार्गदर्शक, ढगळ कोटातला, सगळ्यांना मस्त चाललंय म्हणणारा. दुसरी बिर्गिट, बाहेरून आलेली, मृदू आवाजाची बाई. आधी चौघांनी मिळून प्रोजेक्ट मांडला. एनोकची गोष्ट सांगताना लिस्बेटचा आवाज स्थिर होता. बिर्गिट ऐकताना हसलीही. मग प्रत्येकाला त्याच्या नावाखालच्या पानांवर प्रश्न विचारायला सुरुवात झाली. आस्गर झाला, कमिला झाली.

बिर्गिट तिच्याकडे वळली. "लिस्बेट, खरं सांगू? मला तुझं प्रकरण सगळ्यांत आवडलं. एकतिसाव्या पानावर तू लिहितेस की वृद्ध माणूस मदत नाकारतो, तेव्हा तो नात्याच्या अटी ठरवत असतो. हा विचार तू ज्यांच्याकडून घेतलास, त्यांचं म्हणणं तू पुढच्याच पानावर खोडून काढतेस. ते कसं, ते जरा उलगडून सांग."

लिस्बेटने एकतिसावं पान उघडलं. वर तिचं नाव होतं. खाली सुबक, घट्ट वाक्यं होती, एकातून दुसरं निघणारी. त्यांतलं एकही तिच्या ओळखीचं नव्हतं. तिने पान उलटलं, परत उलटलं. मध्ये एक चौकट होती: पुरुष नागरिक, वय ८४, एकटा राहणारा, न्याहारीची मदत वारंवार नाकारतो. हा एनोक आहे हे समजायला तिला थोडा वेळ लागला.

ती एनोकबद्दल बोलली. जे आधी सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, पोटऱ्यांपर्यंत आली आणि थांबली. बिर्गिट म्हणाली की हो, ते सुंदरच आहे, पण मला तुझा युक्तिवाद ऐकायचाय. प्रेबेनने प्रश्न सोपा केला. दोन विचारवंतांची नावं घेतली आणि म्हणाला की दोघांत फरक काय, एवढंच सांग. त्यांतलं एक नाव लिस्बेटला वर्गात ऐकल्याचं आठवत होतं. दुसरं तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

तिने मान वर केली. थेआ पाण्याच्या जगकडे पाहत होती. कमिलाचे कान लाल झाले होते आणि बाह्या बोटांच्याही पुढे गेल्या होत्या. आस्गरने तिच्याकडे पाहिलं आणि मग टेबलाकडे. तेव्हा तिला कळलं. एक वाक्य पुरे होतं. हे मी लिहिलेलं नाही, एवढंच. पण प्रोजेक्टला जोडायच्या कागदावर चौघांनी आधीच लिहून दिलं होतं की ज्याच्या नावाखाली जे आहे ते त्याचंच आहे. ते खोटं निघालं तर चौघांचाही प्रोजेक्ट रद्द. भिंतीपलीकडून झेंडेवाल्यांचं हसणं ऐकू येत होतं.

"मला आत्ता सुचत नाहीये," ती म्हणाली.

प्रेबेनने सांगितलं की घाई नाही, पाणी पी. ती पाणी प्यायली. त्याने तिसराही प्रश्न विचारला. त्याचंही उत्तर तिला आलं नाही.

निकाल एकेकाला आत बोलावून सांगतात. थेआ बाहेर आली ती थेट बापाच्या गळ्यात पडली. कमिला रडत आली, पण आनंदाने. आस्गर आला आणि कोणाकडेही न पाहता खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्यालाही चांगले गुण होते. लिस्बेट शेवटची.

प्रेबेनने स्वतः उठून दार लावलं. तो मस्त चाललंय म्हणाला नाही. लेखी काम आणि तोंडी उत्तरं यांच्यात इतकं अंतर त्यांनी क्वचितच पाहिलं होतं, असं काहीसं तो बोलत होता. बिर्गिटने त्याला हाताने थांबवलं.

"लिस्बेट, हे प्रकरण तूच लिहिलंस ना?"

खोलीत ऊन होतं. टेबलावर तीच प्रत होती, एकतिसाव्या पानावर उघडी.

"हो," लिस्बेट म्हणाली.

बिर्गिटने ती प्रत मिटली. मग म्हणाली की असं असेल तर मला वाईट वाटतं, पण आम्हाला तुला पास करता येत नाही. ही तिसरी खेप आहे हे दोघांनाही माहीत होतं. प्रेबेनने पुढे काय काय करता येतं ते सांगितलं, अपील, मुदत, समुपदेशकाची भेट. लिस्बेट प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. उठताना तिने खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली.

बाहेर तिने थेआच्या आईवडिलांशी हात मिळवला, मुलगी हुशार आहे म्हणाली, पेल्यातला एक घोट घेतला. तिघांनी तिला मिठी मारली. थेआची मिठी बराच वेळ सुटेना. स्वतःला जप, लिस्बेट, ती तिच्या केसांत म्हणाली.

घरी कार्स्टन दारातच उभा होता. तिच्याकडे पाहूनच तो समजला. तिने एवढंच सांगितलं की मला बोलता आलं नाही. कार्स्टनला ते पटलं नाही. "तू? बटाटे सोलताना तुझं तोंड बंद करायला मला रेडिओ लावावा लागतो." मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि आत जाऊन कॉफी ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याने अपिलाचा विषय काढला. ती म्हणाली, बघू. तिसऱ्या दिवशी पुन्हा काढला. ती म्हणाली की पुन्हा काढू नकोस. तो बाहेर जाऊन टँकर धुवायला लागला, जो आधीच धुतलेला होता.

शुक्रवारी थेआच्या घरी गटाची छोटी पार्टी होती. लिस्बेटला बोलावणं होतंच, तू तर आलीच पाहिजेस असं. कार्स्टनला ती जाते आहे हे ऐकून धक्का बसला. पण ती गेली नसती तर त्या तिघांना वाटलं असतं की ती रागावली आहे, आणि त्यांच्या संध्याकाळचा विचका झाला असता. हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की दुसरा काही विचार तिथे शिरलाच नाही. ती गेली. बाल्कनीत दिवे लावले होते, उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत उजेड असल्याने त्यांची गरज नव्हती. नवीन बटाटे होते, मासे होते. थेआने उन्हाळी सुटीत कुठे जाणार ते सांगितलं. कमिलाने मांजर घेतली होती, तिचे फोटो पाहून झाले. प्रोजेक्टचं नाव कोणी काढलं नाही. लिस्बेटने बशा गोळा केल्या, थेआ म्हणाली की ठेव गं, पण तिने धुतल्याच. खरोखर छान संध्याकाळ झाली. सगळे तसं म्हणालेही.

आस्गर तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला.  अर्ध्या वाटेत तो एकदम बोलायला लागला. त्या शनिवारी तिघं बसले होते. थेआ म्हणाली होती की हे प्रकरण असं गेलं तर चौघंही पडतील. तिने दोन दिवसांत ते नव्याने लिहून काढलं. कमिला म्हणाली होती की लिस्बेटला फोन करू.

"आणि मी म्हटलं नको," आस्गर म्हणाला. "मी म्हटलं, ती कधी नव्हे ती झोपली आहे, झोपू द्या. परीक्षेच्या आधी सांगणार होतो आम्ही. मग वाटलं, तू घाबरशील. तुझं तू सांगशील, बरं सांगतेस तू. तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस ना?"

"म्हणाले असते."

"मग?"

"मग मी ते वाचलं असतं, आस्गर."

 समोरून सायकलवरून दोघं गेले, मोठमोठ्याने हसत. मग त्याने विचारलं की मी प्रेबेनला जाऊन सांगू का, अजून मुदत आहे.  त्याला ऑगस्टपासून एका नगरपालिकेत प्रशिक्षणाची जागा मिळाली होती, लहान मुलांच्या विभागात. त्याबद्दल तो बाल्कनीत अर्धा तास बोलला होता.

लिस्बेटने त्याच्याकडे नीट पाहिलं. मुलगा चांगला होता. तिने हो म्हटलं असतं तर तो खरोखर गेला असता, याबद्दल तिला शंका नव्हती.

"नको," ती म्हणाली.

आस्गरचे खांदे खाली आले. फार नाही, बोटभर. त्याने लगेच ते सावरले आणि चेहरा होता तसा दुःखी केला. पण लिस्बेटने आयुष्यभर माणसांचे खांदे पाहिले होते, कुठे दुखतं आणि कुठे दुखायचं थांबलं ते तिला सांगावं लागत नसे. परीक्षेत जे झालं त्याबद्दल तिला कोणाचाही राग आला नव्हता. त्या बोटभर खांद्यांचा आला. आणि तो राग कोणाला सांगण्यासारखा नव्हता, कारण नको तर तीच म्हणाली होती.

बस आली. त्याने मिठी मारली आणि नेहमीचं ते वाक्य म्हणायला सुरुवात केली, पण ते त्याला पूर्ण करता आलं नाही. ती चढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोनवरच्या गटावर यजमानांचे आभार मानणारा निरोप पाठवला. आदल्या दिवशी कोणाकडे जेवलं की तो पाठवायचाच असतो. कालच्यासाठी खूप आभार, छान संध्याकाळ झाली, असं तिने लिहिलं. ते लिहायला तिला क्षणही लागला नाही. थेआने लगेच एक लाल हृदय पाठवलं, कमिलाने दोन. आस्गरने काही पाठवलं नाही. अपिलाची मुदत संपून गेली, त्यानंतर कधीतरी कोणीतरी तो गट बंद केला.

कार्स्टनला तिने खरं कधी सांगितलं नाही. त्याला सांगितलं असतं तर तो टँकर घेऊन थेट कॉलेजच्या दारात गेला असता. तिने बेटावरच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळतंय का पाहिलं. तिथे मोठी पातेली उचलावी लागत, कंबरेने नाही म्हटलं. नगरपालिकेत एनोकच्या गल्लीत आता कोण जातं, याची चौकशी करावी असं तिला एकदा वाटलं. मग आठवलं की एनोक जाऊन चार वर्षं झाली.

ऑगस्टमध्ये रोजगार कचेरीचं बोलावणं आलं. कार्स्टनने सकाळची फेरी दुसऱ्याला देऊन तिला गाडीतून आणलं. इमारतीसमोर गाडी थांबवून त्याने विचारलं, "मी येऊ आत?" तिने मान हलवून नको म्हटलं, पट्टा सोडला, आणि कंबर सांभाळत आधी एक पाय, मग दुसरा, अशी बाहेर पडली.